अकरावी आणि बारावी खोली

१९८७ सालचा तो शुक्रवार आमच्या घरातला शेवटचा साधा दिवस. सानगडीच्या शाळेत एकच संगणक होता, आणि बाबांनी, यादोराव मास्तरांनी, त्यावर भुयाराचा खेळ रचला होता. चित्रं नव्हती, पडद्यावर फक्त ओळी. खजिन्याआधीच्या बारा खोल्यांची ओळ एकच: ‘चारही बाजूंना दगडी भिंत.’

“बाबा, एकच खोली बारा डाव कायले? कंटाळा येते.”

“आपल्या वावरातल्या धानाच्या बांध्या पाह्य. साऱ्या सारख्या. तरी तुही माय अंधारात बरोबर आपल्याच बांधीत उतरते. पायाले वाट मालूम पायजे, बाई.”

“एखादी कमी झाली तं कोणाले समजन?”

“मले समजन,” ते हसले आणि जेवायला गेले.

कागदावर त्यांनी काहीच लिहिलेलं नव्हतं, सगळं डोक्यात. मी बारातली एक खोली काढली, दारं जोडली आणि खेळ त्यांच्याच टेपवर भरून ठेवला. त्यांना हरवायचं होतं, एवढंच.

शनिवारी तपासणीला साहेब लवकर आले. बाबा पडद्याकडे पाठ करून वाट तोंडपाठ म्हणू लागले. कळा मी दाबत होते.

“पूर्व. पूर्व. उत्तर.”

शेवटच्या पावलाला माझं बोट थांबलं; एक खोली कमी झाल्याने ते पाऊल आता खजिन्यापलीकडच्या विहिरीत पडणार होतं.

“दाब नं.”

मी दाबली. ‘विहिरीत पडलात. खेळ संपला.’

“मास्तर, तुमीच बनवलं, अन् तुमीच बुडाले?” साहेब हसले. सगळेच हसले.

संध्याकाळी बाबांनी खोल्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. “अकराच हायेत. मी बारा समजून राहिलो होतो.” मग हळूच म्हणाले, “माया बापाचंबी असंच सुरू झालं होतं.”

आजोबा शेवटी घरच्यांनाही ओळखत नव्हते. मी तेव्हाच बोलायला हवं होतं.

पुढचे नऊ दिवस ते अंगणात बसून जुन्या विद्यार्थ्यांची नावं पुटपुटत. एखादं अडलं की माझ्याकडे बघत. मी आत जाई. दहाव्या दिवशी छातीत कळ आली आणि ते गेले.

तेरवीच्या पंगतीत हेडमास्तर मधुकरराव आईला म्हणाले, “वैनी, मास्तरांचं ध्यानच गेलं होतं आखरीले.”

“हो नं,” आई म्हणाली. “सोताच्याच खेळात चुकले.”

मी वरणाचं भांडं खाली ठेवलं.

“बाबा चुकले नोयते. खोल्या बाराच होत्या. एक मी काढली, अन् त्यायले सांगतलं नाही.”