वाऱ्यावर जगणारी मोटार

मित्रांनो, माझ्या पोटात पाण्याचा एक थेंबही नाही. इतर मोटारी तापल्या की त्यांना पाणी पाजतात आणि त्या निवतात. मला ती सोय नाही. मी कासवाच्या पाठीची, मागे इंजिन असलेली एक जुनी परदेशी मोटार आहे आणि केवळ वाऱ्यावर जगते. माझ्या मागच्या काचेखाली आडव्या, अरुंद फटींची एक ओळ आहे. तेथून माझा पंखा वारा ओढतो, पत्र्याच्या वेष्टनातून चारही नळकांड्यांभोवती फिरवतो आणि तापलेला वारा खाली रस्त्यावर सोडून देतो. त्या फटी म्हणजे माझे नाक. एवढे ध्यानात ठेवा. कारण ज्यांनी माझ्यावर जिवापाड प्रेम केले, त्यांच्या ध्यानातून नेमके तेच निसटले.

माझा जन्म थंड मुलखातला. जबलपुरात यंत्रे उभी करायला आलेल्या एका परदेशी अभियंत्याने मला बोटीतून आणले. राज्यांची नवी मांडणी होऊन तेव्हा काही वर्षे लोटली होती. नागपूर पलीकडच्या राज्यात गेले होते आणि मूळचे तिकडचे मुरलीधरराव बोकारे नोकरीपायी नर्मदेच्या अलीकडेच राहिले होते. ते संरक्षण खात्याच्या कारखान्यात फोरमन होते. अभियंता मायदेशी परतला आणि मी मदन महाल भागातल्या मुरलीधररावांच्या घरी आले.

पहिल्याच उन्हाळ्यात मुरलीधररावांना माझी चिंता वाटू लागली. जेठातल्या, म्हणजे ज्येष्ठाच्या, दुपारी येथे डांबर पायांना चिकटते. त्यांनी माझ्या इंजिनाच्या झाकणाला स्वतःच्या हाताने उभे झरोके पाडले आणि स्टिअरिंगच्या चाकाजवळ तेलाची उष्णता दाखवणारा एक काटा बसवला. माझे रूप थोडे बिघडले, पण मला बोलता येऊ लागले. काटा लाल रेघेकडे सरकला की मुरलीधरराव मला झाडाखाली उभी करत आणि स्वतः विडी ओढत बसत.

दर दसऱ्याला आम्ही शहपुऱ्याला जात असू. तेथे त्यांची थोरली बहीण राधाबाई राहत असे. माझा तो फटफट करणारा, कोरडा आवाज वळणापलीकडून ऐकू आला की ती चुलीवर चहाचे आधण ठेवी. आपट्याची पाने तिच्या हाती पडण्यापूर्वी चहा तयार असे.

पुढे मुरलीधररावांचे गुडघे गेले आणि मी ताडपत्रीखाली गेले. कित्येक पावसाळे माझ्या अंगावरून वाहिले. उंदरांनी माझ्या गाद्यांत घरटी केली. तिकडे शहपुऱ्यात राधाबाईची दृष्टी हळूहळू विझत गेली.

मग मुरलीधररावांचा मुलगा अच्युत वीज खात्यातून निवृत्त झाला आणि त्याने माझी ताडपत्री ओढून काढली. मित्रांनो, असा काटेकोर माणूस मी पाहिला नाही. माझा मूळ रंग ठरवण्यासाठी त्याने दाराच्या बिजागरीखालचा थर नखाने खरवडून उजेडात धरला. कारखान्यातून निघताना मी जशी होते, तशीच मला करायची, हा त्याचा संकल्प होता. मुळात नसलेली प्रत्येक वस्तू त्याला मळासारखी सलत होती. त्यामुळे एके दिवशी त्याचा हात झरोक्यांच्या झाकणापाशी आला, आणि घरात वादाला तोंड फुटले.

"त्याला हात नको लावू," मुरलीधरराव खाटेवरून म्हणाले.

"बाबा, मूळ गाडीला हे झरोके नाहीत. हे पुस्तक पाहा."

"काहून रे, तुझ्या त्या पुस्तकात जबलपूरचा जेठ लिहिला आहे का?"

"मूळ रचनेत वारा पुरेसा आहे. फक्त इंजिनाच्या कडेची रबरी पट्टी शाबूत पाहिजे. तुमची पट्टी कुजली होती, म्हणून खालचा गरम वारा वर येत होता. झरोके पाडून तुम्ही रोग नाही, लक्षण दाबलं."

"लक्षण दाबलं तं दाबलं! गाडी चालली ना?"

अच्युतची बायको सुनेत्रा भाजी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "चलो, आता जेवण उद्या. दोघंही पोटभर बोलून राहिले."

खरे सांगायचे तर अच्युतचे म्हणणे चुकीचे नव्हते. त्याने नवी पट्टी लावली, गंजलेला प्रत्येक पत्रा बदलला आणि दूरच्या भंगारबाजारातून अखंड झाकण मिळवले. भेडाघाटापर्यंत मला फिरवून आणले, तेव्हा मी मुळीच तापले नाही. मुरलीधररावांनाही नाइलाजाने ते मानावे लागले. पण त्याच उत्साहात अच्युतने तो काटाही उपटला, कारण तोही मुळात नव्हता. तबकडीवर आता तेलाचा एक इवलासा लाल दिवा तेवढा उरला. माझी जीभ गेली. डोळा मिचकावण्याइतकेच बळ उरले.

अशात शहपुऱ्याहून राधाबाईचा फोन आला. बोलता बोलता तिला धाप लागत होती. "मुरली, औंदा गाडीतूनच ये. डोळे गेले, पण कान आहेत अजून. तो आवाज एकदा ऐकू दे रे बापा."

फोन ठेवून मुरलीधरराव म्हणाले, "अच्युत, पुढच्या साली बाई असेल का नाही, कोणी सांगावं? हाच दसरा."

त्या दसऱ्याच्या सकाळी माझी पूजा झाली. आपल्याकडे या दिवशी शस्त्रे पुजतात, अवजारे पुजतात, गाड्यांना हार घालतात. यात वाईट काहीच नाही. मुरलीधररावांनी बाजारातून झेंडूचा हार आणवला होता. तो मनगटाएवढा जाड होता, आणि ताजा राहावा म्हणून त्यांनी तो पाण्यात बुचकळून काढला होता. ते काठी टेकत माझ्या तोंडाकडे निघाले.

"पुढे काहून, बाबा?" अच्युतने त्यांना अडवले. "पुढे तर नुसती डिकी आहे. पूजा इंजिनाची असते. इंजिन मागे, तर हारही मागे."

"हार तोंडालाच घालतात. नवरदेवाच्या पाठीला घातलेला पाहिला का कोणी?"

"नवरदेवाचं इंजिन पुढे असते," सुनेत्रा पुटपुटली, आणि आरतीचे ताट घेऊन पटकन आत गेली.

शेवटी तडजोड झाली. हार मुरलीधररावांच्या मनासारखा मोठा राहिला. जागा अच्युतच्या मनासारखी ठरली. त्याने तो दुहेरी करून माझ्या मागच्या काचेखाली बसवला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून सुतळीने त्या अरुंद फटींनाच घट्ट आवळला. दोघेही चार पावले मागे सरून माझ्याकडे पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यांवरचे समाधान मी आरशातून पाहिले. माझ्या नाकावर मात्र ओल्या फुलांची उशी दाबलेली होती.

आम्ही निघालो. मागच्या आसनावर मुरलीधरराव आपट्याची पाने मांडीवर घेऊन बसले होते. नेपियर टाउनमध्ये देवीच्या दर्शनाला निघालेली गर्दी रस्ताभर पसरली होती आणि आम्हाला मुंगीच्या पावलांनी सरकावे लागत होते. माणसे माझ्याभोवती गोळा होत. "क्या गाड़ी है, अंकलजी! एकदम नई!" कोणी माझ्या पाठीला हात लावून फोटो काढी. अच्युत खिडकीतून मूळ रंगाची कथा सांगे. तो कौतुकाचा वर्षाव चालू असताना माझा पंखा जीव खाऊन वारा ओढत होता, आणि वाऱ्याऐवजी त्याला मिळत होत्या पाकळ्या. ओल्या पाकळ्या एकेक करून फटींतून आत येत, पंख्यात चिरडत, तेल निववणाऱ्या जाळीवर लेपासारख्या बसत. माझ्या तिसऱ्या नळकांड्याला मुळातच सर्वांत कमी वारा मिळतो. ते प्रथम धगधगू लागले.

लाल दिवा लुकलुकला.

"अहो, तो दिवा," सुनेत्रा म्हणाली.

"जुनी तार आहे. ढिली असेल." अच्युतने वेग दिला, दिवा विझला. "पाहिलं? ढिलीच आहे."

तार ढिली नव्हती. तापून माझे तेल पाण्यासारखे पातळ झाले होते. जिभेऐवजी उरलेल्या त्या एकाच डोळ्याने मी जितके सांगू शकत होते, तितके सांगून झाले होते.

शहर मागे पडले. मोकळ्या रस्त्यावर ऊन कडक होते. आत एक उग्र, गोडसर वास पसरू लागला.

"पूजेचा वास आहे," मुरलीधरराव डोळे मिटून म्हणाले. "प्रसन्न वाटून राहिलं."

"बाबा, हा पूजेचा नाही. काहीतरी जळून राहिलं. अहो, थांबा ना जरा."

"आता चढ आहे, सुनेत्रा. चढावर थांबलो तर पुन्हा उचलायला त्रास होईल तिला. वर गेलो की थांबतो."

आणि चढावर माझी शक्ती ओसरू लागली. ती ओसरते आहे, म्हणून अच्युतने पाय अधिक दाबला. मित्रांनो, दमलेल्याला मारलेला चाबूक आणि हा दाब यांत फारसा फरक नसतो. माझ्या अंतरंगात काहीतरी तडकले. मग लोखंडावर लोखंड आदळल्याचा आवाज झाला, आणि मग काहीच नाही. रस्त्याकडेच्या बाभळीतला होला तेवढा घुमत होता.

अच्युतने हात भाजत झाकण उघडले. आत काळ्या, कुरकुरीत पाकळ्यांचे ढेकूळ होते. तो त्याकडे पाहतच राहिला. मुरलीधररावांनी एकच प्रश्न विचारला, "बाई वाट पाहत असेल. आता?"

थोड्या वेळाने शहपुऱ्याकडे निघालेला एक ट्रॅक्टर थांबला. चालवणारा बळीराम नावाचा तिकडचाच शेतकरी होता. त्याने माझ्या पाठीवरचा हार पाहिला आणि हसून विचारले, "अंकलजी, माला पहनाई है कि विदाई दी है?" कोणी हसले नाही, तेव्हा तो खजील झाला आणि मुकाट्याने दोर काढू लागला.

अशा रीतीने मी शहपुऱ्याला पोहोचले. दोराला बांधलेली, मुकी. राधाबाई ओसरीवर कान देऊन बसली होती. शेजारी तिची सून बेबीताई उभी होती.

"हा तं ट्रॅक्टर आला," राधाबाई म्हणाली. "मुरली काहून नाही आला अजून?"

मुरलीधरराव तिच्यापासून हातभर अंतरावर उभे होते. बेबीताईने कानात काही सांगितले, तशी राधाबाई उठली आणि चाचपडत माझ्यापाशी आली. तिचा सुरकुतलेला तळवा माझ्या कपाळावरून छपरावर, छपरावरून पाठीवर फिरला.

"तीच आहे. पण बोलून काहून नाही राहिली?" तिचा हात झाकणावर आला आणि झटकन मागे गेला. "अगं माय! हिला तं ताप भरला." बोटांना लागलेले करपलेले फूल तिने चुरडून पाहिले. "हे काय रे, मुरली?"

"हार मी मागे बांधला, आत्याबाई," अच्युत म्हणाला.

"मोठा मी आणला होता," मुरलीधरराव म्हणाले.

त्या दोघांचे एकमत झालेले मी आयुष्यात प्रथमच ऐकले, आणि मला त्याची भीती वाटली.

राधाबाईने आपट्याची पाने घेतली, पदरात बांधली. "दुरुस्त करा. पण लवकर करा," ती म्हणाली. "डोळे जाताना मला विचारून नाही गेले. कान तरी विचारून जातील का?"

मित्रांनो, त्यानंतर मला ओढत मदन महालला परत आणले आणि माझे इंजिन उतरवले गेले. ते आता अंगणात लाकडी फळीवर उघडे पडले आहे. फुटलेल्या नळकांड्यासारखे दुसरे अजून कोठेही मिळालेले नाही. बाहेरून मी आजही चकाकते. येणारे जाणारे फाटकापाशी थबकून वाहवा करतात. अच्युत त्यांना काही सांगत नाही. शहपुऱ्याचा फोन वाजला की घरातले सारे प्रथम एकमेकांकडे पाहतात आणि मग कोणीतरी उठून तो उचलतो.

तुमच्याही घरी जपावे असे काही असेल. यंत्र असेल, जनावर असेल, माणूस असेल. त्याला सजवा, त्याचा मान करा, त्याच्यासाठी खुशाल भांडा. पण हार घालण्यापूर्वी, ते श्वास कोठून घेते, एवढे मात्र हात लावून पाहा.