कालचे मासे

अंबादासने प्लॅस्टिकची पिशवी ट्यूबलाइटसमोर धरली. आत सहा गप्पी मासे एकमेकांना ओलांडत गोल फिरत होते.

"परत देऊन या, बाबा," माधुरी म्हणाली. काचेच्या नळकांड्यात गाळ किती वेळात खाली बसतो ते ती घड्याळ लावून पाहत होती. तिने मान वर केली नाही.

"दुकानवाला घेत नाही. विकलेला मासा परत घेत नाही म्हणला."

"मग घरी न्या."

"सेक्रेटरीसाहेबांनी सांगितलंय ना. उद्या तुझी परीक्षकबाई येणार, मासे ताजे पायजेत."

"आपले मासे जिवंत आहेत, बाबा."

"ते मला माहितीये गं. साहेबांना कोण सांगणार?"

नाहूरच्या शिखरदीप सोसायटीच्या तळघरात सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट होता आणि अंबादास तो नऊ वर्षं चालवत होता. चालवत होता, म्हणजे त्याची किल्ली त्याच्याकडे होती. गाळात हवा सोडणारा ब्लोअर दुसऱ्याच वर्षी बंद झाला, कारण पहिल्या मजल्यावरच्या लोकांना त्याच्या आवाजाने दुपारची झोप लागेना. तेव्हापासून पाणी जसं यायचं तसंच जायचं. फक्त तपासणीच्या आदल्या दिवशी अंबादास घाटकोपरहून सहा मासे आणायचा आणि शेवटच्या टाकीशेजारच्या काचेच्या पेटीत नळाचं पाणी भरून त्यांना सोडायचा. पेटीवर 'शुद्ध केलेले पाणी' अशी सुबक पाटी होती. तपासणी झाली की पेटीत पुन्हा प्लांटचं पाणी यायचं आणि तिसऱ्या दिवशी मासे उताणे व्हायचे. रजिस्टरमध्ये मात्र 'मासे' या रकान्यात नऊ वर्षं रोज न चुकता '६' लिहिलेलं होतं. अंबादासचं अक्षर चांगलं होतं.

माधुरी पर्यावरण अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होती. प्रोजेक्ट म्हणून तिने बापाचा हा मेलेला प्लांट जिवंत करायचं ठरवलं, तेव्हा कॉलेजातल्या सरांनी तिला कॉम्प्युटरवर होईल असं काहीतरी घे, असं प्रेमाने सुचवलं. तिने ऐकलं नाही. घाण खाणारे जिवाणू वाढवायला सुरुवातीला शेण आणि गूळ लागतो. तिने मुलुंडच्या तबेल्यातून दोन गोणी शेण आणलं, गुळाच्या पाण्यात कालवलं आणि टाकीत ओतलं. बी विंगमधल्या दोघीजणी प्रसाद कधी मिळेल ते विचारून गेल्या. ब्लोअरखाली जाड रबर बसवलं, झोप शाबूत राहिली. आणि बेचाळीस दिवसांपूर्वी सहा मासे पेटीत सोडून तिने प्लांटच्या पाण्याचा नळ उघडला. अर्थात क्लोरीन मिसळण्याआधीच्या पाण्याचा.

मासे मेले नाहीत.

यावर सोसायटीत कुणाचा विश्वास बसला नाही. अंबादास गुपचूप मासे बदलतो, असंच सगळे धरून चालले. त्याचं मन दुखू नये म्हणून कुणी तसं बोललं नाही एवढंच. पण प्रोजेक्ट खोटा ठरला, तर माधुरीचं वर्ष जाणार होतं. पवईच्या एका कंपनीने दिलेल्या नोकरीच्या पत्रातही 'उत्तीर्ण झाल्यास' हे दोन शब्द जरा ठळकच होते.

अंबादासने पिशवीतले मासे बादलीत ओतले आणि बादली वॉचमनच्या केबिनमध्ये नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी अकराला डॉ. नीला कारखानीस आल्या. पार्ल्याच्या. केस पांढरे, पायात कॅनव्हासचे बूट. त्या वाकून टाक्यांचा वास घेत फिरल्या, माधुरीला गाळापासून पवईच्या नोकरीपर्यंत पाऊण तास प्रश्न विचारले आणि एकदाही 'छान' म्हणाल्या नाहीत. शेवटी काचेच्या पेटीपाशी थांबल्या.

"मासे," त्या म्हणाल्या. "वीस वर्षं मी प्लांट बघत्ये. प्रत्येक ठिकाणी मासे असतात आणि परीक्षेच्या दिवशी त्यांची तब्येत उत्तम असते."

सेक्रेटरी नंदकुमार कडक इस्त्रीचा शर्ट घालून मागेच उभे होते. सोसायटीची अब्रू राखायची हीच वेळ, असं त्यांना वाटलं.

"एकदम ताजे आहेत, मॅडम! कालच मागवलेत. हे घ्या बिल."

आणि त्यांनी खरोखरच खिशातून बिल काढून दिलं.

बाईंनी बिलावरची तारीख वाचली. मग माधुरीच्या रिपोर्टचं पान काढलं.

"तू बेचाळीस दिवस लिहिलंयस."

"बेचाळीसच आहेत, मॅडम."

"बिल कालचं आहे."

माधुरी वहीतली पहिल्या दिवसाची नोंद शोधू लागली. अंबादास जिना चढून वर गेला आणि बादली घेऊन आला.

"मॅडम, कालचे हे. पेटीतले जुने."

बाईंनी बादलीत पाहिलं. "बारा पण आणता येतात, नाही का?"

"येतात," अंबादास म्हणाला. या विषयात तो अनुभवी होता.

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. कागदावर काही लिहिण्याआधी सवयीने मोबाइलचा टॉर्च पेटीवर एकदा फिरवला. कोपऱ्यात काथ्याचा एक गुंता पडला होता. त्यातून तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी बाहेर आलं आणि लगेच आत पळालं. त्याच्यामागून आणखी एक आलं. मग तिसरं.

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक काचेला टेकवलं. ब्लोअर मंद घुमत होता.

"सेक्रेटरीसाहेब, एवढाले मासे कुठल्या दुकानात मिळतात?"

नंदकुमार पुढे वाकले. त्यांनी पिल्लांकडे पाहिलं, मग अंबादासकडे पाहिलं.

"मॅडम, हे... हे कमिटीला विचारून झालेलं नाही."

माधुरीने हसू दाबायला वही तोंडावर धरली. वहीमागून काही थेंब हनुवटीवर ओघळले, ते तिने बाहीने पुसले.

"काथ्या कुणी टाकला?" बाईंनी विचारलं.

"मी," अंबादास म्हणाला. "आत लाइट फार लागते, मॅडम. म्हणलं, जरा सावली पायजे त्यांना."

"ही सावली नसती तर मोठ्यांनी पिल्लं खाऊन टाकली असती. माधुरी, तुझ्या रिपोर्टमध्ये हे कुठेच नाही."

"मला माहीत नव्हतं, मॅडम. पिल्लांचंही."

"मग घाल. यांच्या पूर्ण नावानिशी." बाईंनी मार्क लिहून कागदाची घडी केली आणि पहिल्यांदाच हसल्या. "पवईवाल्यांना कळव, कधीपासून येत्येस ते."

त्या गेल्यावर नंदकुमार थोडा वेळ बादलीभोवती घुटमळले.

"अंबादास, हे सहा राहू देत. पुढच्या तपासणीला होतील."

"साहेब, पेटीतले आहेत की."

"हो, ते आहेतच. तरी पण," असं म्हणून ते पेढे सांगायला वर गेले.

अंबादासने बादली पेटीत रिकामी केली, खुर्ची ओढली आणि रजिस्टर उघडलं. तारीख टाकली. मग 'मासे' या रकान्यावर त्याचं पेन थांबलं.

"माधे, किती लिहू गं?"

"आहेत तेवढे."

त्याने चष्मा लावला. टॉर्च घेऊन तो पेटीसमोर उकिडवा बसला आणि बोट काचेवर ठेवून पुटपुटत मोजू लागला. तेविसापर्यंत पोचला, तेवढ्यात काथ्यातून आणखी दोघं निघाली आणि सगळे इकडचे तिकडे झाले.

"हलू नका रे," तो म्हणाला आणि त्याने पुन्हा एकपासून सुरुवात केली.