खोटी हाळी

विद्यापीठाच्या संगीत विभागाबाहेर एक मोठा फलक लागलाय. विभागानं वर्षभरात मिळवलेलं यश त्यावर रंगीत फोटोंसकट छापलंय. सगळ्यात वर विभागप्रमुख विजयसिंह सर, नव्या रचनेबद्दल राज्याचा पुरस्कार. त्यांच्याखाली माझी धाकटी बहीण अंजू, तीच रचना गाऊन देशभरातल्या विद्यापीठांच्या युवक महोत्सवात पहिली. तिच्याखाली एक माजी विद्यार्थी, जो हल्ली पुण्यातल्या आपल्या मैफिलीचा शेवट त्याच रचनेनं करतो. गुरू, शिष्या, माजी विद्यार्थी, सगळे एकाच ताटात जेवले आणि ताट होतं आमच्या आबांचं. मी भागवत. केजच्या कॉलेजात बी.ए. केलं आणि पुन्हा मेंढरांमागं आलो, त्यामुळं माझा फोटो कुठल्याच फलकावर नाही. त्याचं मला काही वाईटही वाटत नाही.

आबा म्हणजे तात्याबा, आमचे वडील. मेंढरांना बोलवायची प्रत्येक मेंढपाळाची हाळी वेगळी असते. आबांची हाळी खालून हळू उठते, मध्येच श्वास धरून थांबते आणि एकदम उंच जाऊन तुटते. दोन कळप एका माळावर मिसळले तरी आबांनी हाळी दिली की आमची मेंढरं बरोबर बाजूला होऊन यायची. तिचा नियम एकच. हाळी दिली की मेंढरांना काहीतरी द्यायचं. मूठभर मीठ, नाहीतर पाणी, निदान चारा. नुसती हाळी द्यायची नाही. लहानपणी मी एकदा गंमत म्हणून दिली, तेव्हा आबांनी मला काठीनं झोडपलं आणि रडत रडत मेंढरांना मीठ वाटायला लावलं होतं. "मेंढरू एकदा फसतं, दोनदा फसतं," ते म्हणाले होते, "मंग ते आपलं ऱ्हात न्हाई."

सरांनी वर्गात सांगितलं होतं की प्रत्येकानं आपल्या घरातली एक चाल घेऊन यायची. कुणी जात्यावरची ओवी नेली, कुणी भारूड नेलं. अंजूनं हाळी नेली. नेणार तरी काय दुसरं? सरांनी ती ऐकली, डोळे पुसले आणि तिच्याभोवती सारंगी, ढोल असा सगळा साज चढवला. सर माणूस वाईट नाही, हे आधीच सांगतो. त्यांना खरोखरच ती आवडली होती. पण आवडणं वेगळं आणि कळणं वेगळं.

अंजू पहिली आली आणि तिचा व्हिडिओ गावोगाव पोचला. केजच्या बाजारात मोबाइलच्या दुकानावर तोच, जीपमध्ये तोच, निम्म्या तालुक्याची रिंगटोन तीच. आमच्या मायनं, बायडाबाईनं, पालावर येईल त्याच्या हातावर साखर ठेवली. आबांनी ती हाळी पहिल्यांदा एका जीपवाल्याच्या फोनवर ऐकली. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा आधी फुलला, मग हळूहळू उतरला.

"पोरगी लई ग्वाड गाती," ते म्हणाले. "पर मीठ कुनी दिलं?"

जीपवाला हसला. मला हसू आलं नाही.

मग जे व्हायचं तेच झालं. रस्त्याच्या कडेनं कळप चालला की जाणाऱ्यायेणाऱ्याच्या फोनमधून हाळी यायची आणि मेंढरं धावायची. तिथं ना मीठ, ना पाणी. बाइकवाल्या पोरांना तर खेळच सापडला. गाडी उभी करायची, गाणं लावायचं आणि मेंढरं पळत आली की त्यांचा व्हिडिओ काढायचा. मी एकाची कॉलर धरली.

"कावून चिडतो बे? तुझ्याच बहिनीचं गानं हाय की!" तो म्हणाला.

मी कॉलर सोडली. ज्याचं जळतं त्याला कळतं.

दिवाळीपर्यंत मेंढरं धावायची थांबली. नुसत्या माना वर करायची. नंतर मानाही वर होईनात. एका संध्याकाळी आबांनी पाण्यावर हाळी दिली, तर एक म्हातारी मेंढी तेवढी आली. आबांनी तिला मीठ चारलं आणि घोंगडी पांघरून पडले. त्यांना तसं पडलेलं बघून मला भीती वाटली. हाळी न ऐकणारा कळप कुठल्याही दिवशी हातचा जातो, हे आमच्यात लेकरालाही ठाऊक असतं.

अशात अंजूचा सत्कार ठरला. आमचा मुक्काम तेव्हा केजच्या अलीकडं होता. तिथले पुढारी सुंदरराव यांनी मांडव घातला, विजयसिंह सरांना बोलावलं. अंजू आदल्या दिवशी पालावर आली. मी तिला सगळं सांगितलं.

"भाऊ, आता ते माझ्या हातात राहिलेलं नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण आबाचीच हाय ना हाळी? मेंढरं आबाला कशी इसरतील?"

तिला ते खरंच वाटत होतं. मलाही खरं वाटावं अशी फार इच्छा होती.

सत्काराच्या दिवशी सकाळी आबांनी धुतलेला पटका बांधला. अंजूचं गाणं ते पहिल्यांदाच समोर बसून ऐकणार होते, माय तर केव्हाची तयार होती. तेवढ्यात कळप बांधावरून घसरला आणि सुंदररावांच्या ज्वारीत शिरला. यंदा परतीचा पाऊस दगा देऊन गेला होता. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन तिथंच कोमेजली होती. अशा तहानलेल्या कोवळ्या ज्वारीत विष असतं. चार घास पोटात गेले की मेंढरू फुगतं, झोकांड्या खातं आणि बघता बघता पडतं.

आबा धावले. मी पलीकडून धावलो. पण पसरलेल्या कळपाला दोन माणसं काय हाकणार? तिथं हाळीच हवी. आबांनी दिली. आयुष्यात दिली नसेल अशी दिली, गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या. बांधाकडची थोडी मेंढरं थांबली. त्यांनी तोंडं वर केली. आबा पुन्हा ओरडले, तशी त्यातली पाच-सहा वळली आणि खरोखर चालू लागली. माझ्या जिवात जीव आला.

तेव्हाच अंजू रेशमी साडी खोचून धावत आली आणि तिनंही हाळी दिली. काय सांगू, आबांपेक्षा कितीतरी सुरेल. सगळ्या रानावर पसरली. आणि वळलेली मेंढरं जागच्या जागी उभी राहिली. हा आवाज त्यांना माहीत होता. जीपमधला, बाइकवरचा, जिथं कधीच काही मिळालं नाही तो. त्यांनी तोंडं फिरवली आणि पुन्हा ज्वारीला लागली.

अंजूनं ते पाहिलं. दुसरी हाळी तिच्या तोंडातच राहिली.

सरांची गाडी तिला न्यायला आली तेव्हा बांधावर मेंढरं पडलेली होती. सरांनी धावपळ करून जनावरांच्या डॉक्टरला आणलं. निम्मा कळप वाचला. ती पाच-सहा वाचली नाहीत. मांडवात अंजूची शाल सरांनीच घेतली. काय घडलं ते त्यांनी भाषणात सांगितलं म्हणे, आणि लोक हळहळले. लोकांचं काय, लोक हळहळतात आणि जेवायला उठतात.

अंजू दोन दिवस मायच्या कुशीत पडून होती. तिसऱ्या दिवशी ती आबांजवळ जाऊन बसली. "आबा, मी ते गानं पुन्ना म्हननार न्हाई," ती म्हणाली.

"म्हन की. ते तुजंच हाय आता." आबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यांच्या आवाजात राग अजिबात नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं मला वाटून गेलं. "आमाला नवी हाळी काढावी लागंल. आजपास्नं कळपाला शिकवायची हाय."

"मी पन थांबते. मदत करते."

आबांनी मिठाची पिशवी जवळ ओढली.

"न्हाई, बाळा," ते म्हणाले. "तू जा. तुज्या कानावर पडाया नको."

तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. मग तिनं पिशवी भरली, मायच्या पाया पडली आणि सडकेवर जाऊन उभी राहिली. जीप आली, ती बसली. आबा मिठाची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. जीपचा आवाज पार विरून जाईपर्यंत त्यांनी नव्या हाळीसाठी तोंड उघडलं नाही.