सुपात घालून दिलेला धोंडू

पार्वतीबाईंच्या जोगेश्वरीतल्या दोन खोल्यांत माणसं जमली होती, पण चहाला कुणी हात लावला नव्हता. घाटातल्या डोंगरवाड्यांच्या रक्ताचा अभ्यास करणारी नीलम मधोमध बसली होती. गावाकडचं काम आटोपून ती मुंबईला आलेल्यांकडे वळली, तेव्हा पार्वतीबाईंची लेक स्वरदा आणि तिचा ठरलेला नवरा केतन यांनी हौसेने रक्त दिलं होतं. आता थोरांना समजावायला त्या दोघांनीच तिला बोलावलं होतं.

"अख्खा जीनोम वाचलाय आम्ही," नीलम म्हणाली. "वाड्या लहान, सोयरिकी तिथल्या तिथे, म्हणून डोंगरातली सगळी थोडीथोडी एकमेकांची असतातच. पण हे दोघं फारच जवळचे निघाले. एकाच पणजोबाची पणतवंडं असावीत इतके. शिवाय रक्ताचा एकच आजार दोघांतही दडलाय. यांना काही होणार नाही, पण होणाऱ्या प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता चारात एक."

केतनचे वडील अनंता उसळले. "काय बोलता बाई! आमचं देवक कळंब, यांचं पंचपल्लव. भावकी येईल कुठून? तुमच्या लॅबमध्ये नळ्यांचा झोल झालाय."

"देवक काय खोटं बोलतं होय?" पार्वतीबाईंच्या नवऱ्याने, राजारामने, री ओढली. "होऊ दे लग्न."

स्वरदाने केतनकडे बघितलं. तिचा चेहरा किती दिवसांनी उजळला होता.

पार्वतीबाईंना मात्र सासूची शेवटची घटका आठवली. सासूने जाताना त्यांच्या कानात सांगितलं होतं, "तुझा सासरा या घरात जन्मलेला नाही गं. त्याच्या आईची आधीची पोरं वाचेनात. मग काळाला चकवायला तिनं याला सुपात घालून खिंडीपलीकडून आपल्याकडे दिला. धोंडू नाव ठेवलं, आपलं देवक लावलं. बोलू नकोस कुणाला. काळाच्या कानी गेलं तर वंशावर येईल." कुठल्या घरातून, ते सासूलाही ठाऊक नव्हतं.

वंश म्हणजे राजाराम. त्याच्याच आयुष्यासाठी पार्वतीबाईंची रोजची व्रतं चालली होती. आणि गप्प राहावं, तर चारातलं ते एक लेकरू स्वरदाच्या मांडीवर.

"नळ्या बरोबर आहेत," त्या हळूच म्हणाल्या, आणि सगळं सांगून टाकलं. सांगताना नजर नवऱ्यावरून हलली नाही.

"आयला," राजाराम म्हणाला, "म्हणजे मी कुणाचा?"

अनंता खाली बसले. "आमची आजी म्हणायची, एक पोर डोंगराला दिलं. आम्हाला वाटायचं, गेलं ते." त्यांनी राजारामचा हात धरला, आणि मग बराच वेळ सोडलाच नाही.

स्वरदा उठून गॅलरीत गेली. केतनही तिच्या मागे उठला, पण उंबऱ्याशीच थांबला. आता कुठल्या नात्याने तिच्याजवळ जायचं, ते त्याला उमगेना.