कंसातला आवाज

पडद्यावर मालिकेतले सासरेबुवा जोडा उचलायला वाकले आणि बाईंनी चित्र थांबवलं. मागे नेलं, पुन्हा चालवलं. सासरेबुवा पुन्हा वाकले, तो आवाज पुन्हा झाला आणि त्यामागून हशाचा लोंढा आला. बाईंनी नाक मुरडलं, हेडफोन जरा सैल केले आणि पडद्याच्या तळाशी चौकटी कंसात एकच शब्द टाइप केला : [आवाज].

शेजारच्या टेबलावर टायमिंगवाली खुदखुदली. बाईंनी लिहिलेली ओळ पडद्यावर नेमकी कधी यावी आणि कधी जावी, ते ठरवायचं काम तिचं. खरं नाव सोडून सगळे तिला टायमिंगवालीच म्हणत.

"बाई, नुसता आवाज? अहो, केवढा दणदणीत होता तो!"

"ज्याला कळायचं त्याला कळतं."

"तुम्ही काही म्हणा, मला तर आवडतो बाई हा कार्यक्रम. एरवी आमच्या सासूबाईंचं तोंड पूर्वेला तर माझं पश्चिमेला. 'ढेकर बंगला' लागला की दोघी एका सोफ्यावर."

बाईंनी पुढचं दृश्य लावलं.

बत्तीस वर्षं त्यांनी एका शब्दकोशाच्या छापखान्यात मुद्रितं तपासली होती. लाखभर शब्दांच्या वेलांट्या त्यांच्या नजरेखालून गेल्या, पण त्यात स्वतःचा म्हणून एकही शब्द घालायची मुभा नव्हती. छापखाना बंद पडला तेव्हा बाई साठीला आल्या होत्या. लग्न केलं नव्हतं, आई जाऊन वर्ष झालं होतं आणि घरात दिवस सरता सरत नव्हता. म्हणून ऐकू न येणाऱ्यांसाठी शब्दपट्ट्या लिहिण्याचं हे काम धरलं. आधी नद्यांवरचे, पक्ष्यांवरचे माहितीपट आले. मग एके दिवशी 'ढेकर बंगला' आला आणि घट्ट चिकटला.

या मालिकेवरून गावात सरळ दोन तट होते. एकाच घरात अर्धी माणसं टीव्हीपुढे गडाबडा लोळत आणि उरलेली दार आपटून आत जात. आता तर तिचा सिनेमा निघाला होता. बंगल्यातलं तेच कुटुंब बोटीवर चढणार होतं. वर्तमानपत्रांत रोज पत्रं येत होती. कुणी म्हणे, दिवसभर राबलेल्या माणसाला हसू द्या की. कुणी म्हणे, हे हसणं नव्हे, हगवण आहे.

बाईंचे दादा दुसऱ्या तटातले. भाषेचे निवृत्त प्राध्यापक. राहायला दूरच्या शहरात. रविवारी सकाळी अकराला त्यांचा फोन येई. आठवडाभरात बाईंना येणारा बहुतेक तेवढाच. बाई शब्दपट्ट्या लिहितात हे दादांना ठाऊक होतं. कशाच्या, ते विचारलं की बाई म्हणत, "माहितीपट असतात." ते अगदीच खोटं नव्हतं.

त्या दुपारी कचेरीच्या मॅडमनी एक पाकीट बाईंच्या टेबलावर ठेवलं.

"वाहिनीकडून आलंय. तुमच्यासाठीच आहे म्हणायचं."

पत्र हाताने लिहिलेलं होतं, ठळक, सावकाश अक्षरात.

'शब्दपट्टी लिहिणाऱ्यांना नमस्कार. मी बेकरीत भट्टीवर काम करतो. आठ वर्षांचा होतो तेव्हा तापात दोन्ही कान गेले. घरात मुलगा, सून आणि दोन नाती आहेत. संध्याकाळी सगळे मिळून ढेकर बंगला बघतो. म्हातारा वाकतो, सगळे पोट धरून हसतात. मी खाली बघतो तर आवाज. कसला आवाज? दार वाजलं? भांडं पडलं? नातींना विचारलं तर त्या लाजतात. सुनेला विचारणं बरं दिसत नाही. मुलगा म्हणतो, काही नाही हो बाबा, असंच. तुम्ही सभ्य माणूस असाल, लिहायला संकोच वाटत असेल. पण माझ्याच घरात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट मला एकट्यालाच कळत नाही. घाणेरडी असेल तर घाणेरडी लिहा. पण लिहा.'

बाईंनी पत्र घडी करून पाकिटात घातलं, पुन्हा काढलं. एकाच ओळीवर त्यांचं बोट थांबलं. काही नाही हो बाबा, असंच.

शेवटची सहा वर्षं आईला ऐकू येत नव्हतं. कुणी भेटायला आलं की ती मध्ये बसायची, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत. सगळे हसले की तीही हसायची आणि मग बाईंचा पदर ओढून विचारायची, काय गं, काय म्हणाले? आणि बाई म्हणायच्या, काही नाही गं आई, असंच. किती वेळा म्हटलं असेल, याची गणती नव्हती. पुढे पुढे आईने विचारणंच सोडून दिलं होतं.

बाईंनी हेडफोन घट्ट बसवले आणि सासरेबुवांना पुन्हा वाकवलं.

एक आवाज त्यांनी सतरा वेळा ऐकला. तो आवाज एकसारखा नव्हता. भीत भीत निघत होता, मध्ये धीर एकवटत होता आणि शेवटी कुणीतरी विचारल्यासारखा वर जात होता. कोशात असल्या आवाजांना मोजकेच शब्द होते आणि तेही तोंड चुकवून कोपऱ्यात उभे. बाईंनी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. संध्याकाळपर्यंत तीन आवाज लिहून झाले.

[फुस्स : चोरपावलांनी, दाराआडून]

[टर्रर्र : नवंकोरं मांजरपाट एका दमात फाडावं तसा]

[पुर्र? : प्रश्न विचारून गप्प]

तिसरा लिहिताना बाईंच्या घशातून काहीतरी निसटलं. टायमिंगवालीने दचकून मान वळवली. बाई दोन्ही हातांनी तोंड दाबून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"बाई, आता हा तुमचा आवाज कंसात कसा लिहायचा?" टायमिंगवाली म्हणाली.

महिन्याभरात वाहिनीचा निरोप आला. नवी शब्दपट्टी आवडल्याच्या पत्रांचा त्यांच्याकडे ढीग पडला होता. सिनेमाची शब्दपट्टीही याच बाईंकडून हवी होती.

त्याच आठवड्यात 'ढेकर बंगला'वर टीका करणारा दादांचा लेखही तपासायला आला. सिनेमा लागायच्या आत छापून यायला हवा होता. सोबत चिठ्ठी : 'तुझी नजर फिरू दे. तुझ्याशिवाय माझ्या वेलांट्यांचा भरवसा नाही.' लेख चांगला होता. दादा लिहीत चांगलं. शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य होतं : 'या चीखलात हात घालून पोट भरणाऱ्यांना आरसा तरी कसा सहन होत असेल?' बाईंनी 'चीखलात'ची वेलांटी ऱ्हस्व केली आणि लेख परत पाठवला.

रविवारी अकराला फोन वाजला.

"मिळाला गं. बारीक नजर आहे तुझी अजून. कसा वाटला?"

"चांगला आहे. दादा, एक सांगायचं होतं."

"बोल ना."

"त्या मालिकेची शब्दपट्टी मी लिहिते. सिनेमाचीही मीच लिहितेय."

पलीकडे खुर्ची करकरली.

"कुठल्या मालिकेची?"

"ढेकर बंगला."

"तू?" दादा थांबले. "ते आवाज वगैरे?"

"ते आवाज वगैरे."

"सोडून दे. पैशांची अडचण असेल तर मी आहे ना. मला सांगायचं नाही का?"

"पैशांची नाही, दादा. मला आवडतं ते काम."

"आवडतं! अगं, शब्दकोशावर आयुष्य गेलं तुझं. आईला काय वाटलं असतं?"

बाईंनी फोनची वायर बोटाभोवती गुंडाळली, सोडली.

"आईला काय वाटतं ते तिच्या शेवटच्या सहा वर्षांत आपण कधी विचारलं होतं? तू यायचास, गमती सांगायचास, सगळी खोली हसायची. तिला मात्र कुणी एक गंमत लिहून दाखवली नाही. तूही नाही, मीही नाही. कागद-पेन्सिल उशाशीच असायची."

दादा म्हणाले, "ठेवतो." आणि ठेवला.

लेख छापून आला, मानाच्या पानावर. त्यानंतरच्या रविवारी अकरा वाजले, साडेअकरा वाजले. बाईंनी रिसीव्हर उचलून कानाला लावून बघितला. फोन चालू होता. पुढच्या रविवारीही तसंच. त्यांनी स्वतः फोन फिरवायला घेतला, चार आकडे फिरवले आणि ठेवून दिला. घरात नळ टपटपत होता, तो घट्ट केला. मग काही करायचं उरलं नाही.

तिसऱ्या रविवारी त्या घरात थांबल्याच नाहीत. सिनेमाचा सकाळचा खेळ ऐकू न येणाऱ्यांसाठी शब्दपट्टीसह होता. बाईंनी तिकीट काढलं आणि मागून तिसऱ्या रांगेत जाऊन बसल्या.

थिएटर गच्च भरलं होतं आणि दिवे मालवायच्या आधी त्यात एकही शब्द नव्हता. माणसं हातांनी बोलत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, रांगांवरून पार. दोन म्हाताऱ्यांचं कडाक्याचं भांडण चाललं होतं, बहुधा जागेवरून. शेजारी चाळिशीची एक स्त्री येऊन बसली आणि हसून हातांनी काहीतरी म्हणाली. बाईंना कळलं नाही. त्यांनी नुसतीच मान हलवली. सगळ्या सभागृहात अडाणी अशा त्या एकट्याच होत्या.

सिनेमा सुरू झाला. बोटीवर दिवंगत कप्तानाला श्रद्धांजली म्हणून सगळे माना खाली घालून उभे राहिले. सासरेबुवांचा चेहरा लाल होत गेला. या एका आवाजावर बाईंनी तीन दिवस घालवले होते. पडद्याच्या तळाशी अक्षरं उमटली :

[बंद डब्यात कोंडलेल्या मांजरीची लांबलचक तक्रार, शेवटी माफीनामा]

थिएटर फुटलं. कुणी आपलं हसणं तोलत नव्हतं, कुणी तोंडावर हात ठेवत नव्हतं. वेगवेगळ्या पट्टीतलं, ओबडधोबड, छताला जाऊन भिडणारं हसू. पुढच्या रांगेतला माणूस खुर्चीच्या हातावर थापा मारत होता. बाई ताठ बसून ऐकत राहिल्या.

शेजारणीने डोळे पुसले, मोबाइलवर काहीतरी टाइप केलं आणि तो बाईंपुढे धरला.

'तुम्हाला ऐकू येतं?'

बाईंनी मान डोलावली.

तिने घाईने पुन्हा टाइप केलं. 'मग सांगा ना. खरंच तसाच आवाज आहे?'

बाईंनी मोबाइल हातात घेतला. पडद्यावर सासरेबुवांचा दुसरा तसाच आवाज सुटला होता. त्यांनी कान देऊन ऐकलं. साधाच होता, फरशीवर स्टूल सरकल्यासारखा, त्यात मांजर नव्हतं की माफीनामा नव्हता. त्यांनी एका बोटाने, वेलांट्या सांभाळत लिहिलं :

'नाही. लिहिलाय तो जास्त चांगला आहे.'

शेजारणीने वाचलं. तिचे खांदे हलायला लागले. तिचे हात पलीकडच्या खुर्चीकडे वळले, त्या खुर्चीतले हात त्यापुढच्या खुर्चीकडे, आणि बाईंची ओळ हातोहात रांगेच्या टोकापर्यंत गेली.