गोळीबाराचा पत्रा

मित्रांनो, मी एक जुना पत्रा आहे. छपरावर ठोकतात तो, लोखंडी, पन्हळी. निम्मे आयुष्य मी एका कारखान्यावर काढले आणि निम्मे एका नाट्यगृहाच्या विंगेत दोरीला लटकून. नाटकात मला कधी कोणी पाहिले नाही. ऐकले मात्र सगळ्यांनी.

दोन अवजड लोखंडी रुळांमध्ये दाबून मला सपाट केले, मग पन्हळी पाडल्या आणि उकळत्या जस्तात बुडवून काढले. बाहेर आलो तेव्हा मी असा लखलखत होतो की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. तेवढेच काय ते माझे कौतुक. लगेच मला काचेच्या बाटल्यांच्या एका कारखान्यात नेले आणि कामगार डबे खायला बसत त्या शेडवर खिळे मारून बसवले.

त्या शेडमध्ये दोन सख्खे भाऊ रोज जेवायला येत. थोरला भट्टीवर होता. रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा, हातांवर भाजल्याचे पांढरे डाग असलेला. धाकटा बाटल्या पेंढ्यात गुंडाळायचा. तो भित्रा होता, पण नकला करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. संध्याकाळी तो गावातल्या नाट्यगृहात छोटीमोठी कामे करायचा आणि दुपारी शेडमध्ये पहाऱ्याच्या जमादाराची नक्कल. जमादाराला चालताना दर चार पावलांनी कमरेचा पट्टा वर ओढायची खोड होती. धाकटा तसा चालू लागला की घास अडकेपर्यंत लोक हसत. थोरला मात्र हसता हसता म्हणायचा, "हळू रे, भिंतींना कान असतात."

मग एक दिवस भट्टीच्या तोंडाला तडा गेला. वितळलेली काच बाहेर उसळली आणि एका कामगाराच्या दोन्ही पायांवर पडली. मित्रांनो, काच पाण्यासारखी वाहून जात नाही. ती चिकटते. त्या माणसाची किंकाळी मी छपरावरून ऐकली आणि माझा खिळा न खिळा थरथरला. तो दोन दिवसांनी गेला. मालकाने तड्याला चिखल फासला आणि भट्टी पुन्हा पेटवायला सांगितले.

थोरला सगळ्यांच्या पुढे उभा राहिला. "भट्टी नीट होईपर्यंत कोणी हात लावणार नाही," एवढेच तो म्हणाला. सगळे कामगार कामाला पाठ फिरवून माझ्याखाली येऊन बसले.

जमादार आला तो बंदुकवाले घेऊन. "उठा," तो म्हणाला. कोणी उठले नाही. त्याने बंदूक वर केली आणि दोन गोळ्या सरळ माझ्यातून आरपार घातल्या. दोन भोके पडली आणि त्यांतून उन्हाच्या दोन काठ्या खाली शेडमध्ये उतरल्या. लोक उठून पळू लागले, बाके उलटली, डबे पायांखाली चेपले. जमादाराने बंदूक खाली केली. आता ती माणसांवर होती. थोरला दाराशी पोहोचला होता. तो बाहेर पडणार, तेवढ्यात त्याने मागे वळून पाहिले. धाकटा एका टेबलाखाली अंग चोरून बसला होता. थोरला माघारी धावला, वाकला, आणि त्याच वेळी जमादाराने त्याच्या पाठीत गोळी घातली.

पुढे चौकशी झाली. साहेब लोक माझ्याखाली उभे राहिले आणि माना वर करून माझी दोन भोके पाहत राहिले. जमादार म्हणाला, "आम्ही हवेतच झाडल्या, हा बघा पुरावा. एक गोळी तुळईवर आपटून उलटली, त्याला आम्ही काय करणार?" कामगारांचे कोणी ऐकले नाही, माझ्या भोकांच्या जोरावर तो सुटला. मित्रांनो, लोखंडालाही लाज असते. तोंड असते तर मी तेव्हा बोललो असतो.

कारखाना काही दिवसांनी दुसरीकडे गेला. शेड पाडली आणि मी भंगारात पडलो. तिथून नाट्यगृहाच्या सुताराने मला उचलले. त्याला ढगांचा गडगडाट करायला पत्रा हवा होता. "आयती भोकं आहेत, दोरी ओवायला बरी," तो म्हणाला आणि त्याच दोन भोकांतून दोरी घालून त्याने मला विंगेत टांगले.

ते नाट्यगृह एका बाईंचे होते. सगळे त्यांना नुसते बाई म्हणत. नाटक लिहायच्या त्याच, बसवायच्याही त्याच. परक्या मुलखातल्या राजाराण्यांत त्यांचा जीव रमत नसे. गावात काय घडले, कोणाच्या घरात आक्रोश झाला, ते त्या जाऊन ऐकत आणि त्याचे नाटक करत. सामाईक भिंतीच्या वादात दोन व्याह्यांनी एकमेकांची डोकी फोडली, त्याचे नाटक झाले. धरणाचे दार उघडायला उशीर झाला आणि खालची वस्ती झोपेत बुडाली, त्याचेही झाले. त्या नाटकात सुतार लाकडी मोगरीने मला असा बडवायचा की पहिल्या रांगेतली माणसे पाय वर घेत. माझे ते दिवस बरे होते. पावसाचा मार खायचा आणि मोगरीचा मार खायचा यात फरक आहे. दुसऱ्याला निदान टाळ्या मिळतात.

आणि मग बाईंनी कारखान्यातल्या गोळीबाराचे नाटक लिहिले.

त्यांनी धाकट्याला बोलावले. "थोरला तू कर," त्या म्हणाल्या. "तुझ्याइतका त्याला कोण ओळखतो?"

धाकट्याने मान हलवली. "मला नाही जमायचं. मी जमादार करतो."

"अरे, वेडा आहेस का? सख्ख्या भावाला मारणार तू?"

"बाई, दुसरा कोणी केला तर तो राक्षस करेल. मिशा पिळेल, गडगडाटी हसेल. तो तसा नव्हता. तो मजेत होता. गोळी घातल्यावर त्याने पट्टा वर ओढला. मी पाहिलंय."

बाईंनी जमादाराचे काम त्याला दिले. तालीम सुरू झाली. बंदूक लाकडाची होती, आवाज माझा. धाकटा चाप ओढायचा, सुतार माझ्यावर मोगरी हाणायचा, आणि दर वेळी धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडायचा. मग तो पट्टा वर ओढायचा.

पहिल्या प्रयोगालाच लोकांनी त्याच्यावर चपला फेकल्या. एक दगड कपाळाला लागून रक्त डोळ्यात उतरले, तरी तो तसाच उभा राहिला. प्रयोग संपल्यावर मागच्या गल्लीत चारपाच जणांनी त्याला गाठले आणि लाथांनी तुडवले. "भावाच्या मढ्यावर पाय देऊन टाळ्या घेतोस?" एक जण म्हणाला. सुताराने धावत जाऊन त्याला सोडवले आणि माझ्याशेजारच्या पेटीवर बसवून जखमा धुतल्या. "अरे, सोड हे काम," सुतार म्हणाला. "उद्या जीव घेतील तुझा." धाकटा फक्त म्हणाला, "उद्या मोगरी जरा आधी मार. आवाज मागे पडतो."

त्याची आई काही नाटकाला येईना. घरात ताट वाढायची, पण बोलायची नाही.

इकडे गावातली पोरे गल्लोगल्ली पट्टा वर ओढत चालू लागली. खरा जमादार बाजारात दिसला की मागून खिदळणे ऐकू यायचे. चौकशीने ज्याचा केसही वाकडा केला नव्हता, त्याला आता तोंड दाखवणे जड झाले.

एका रविवारी नाट्यगृह खचाखच भरले होते. धाकट्याची आई त्या दिवशी पहिल्यांदा आली आणि अगदी पुढे बसली. गोळीबाराचा प्रवेश सुरू झाला. धाकट्याने बंदूक उचलली, आणि त्याच क्षणी समोरच्या पायऱ्यांवरून खरा जमादार रंगमंचावर चढला. बरोबर दोन माणसे, कोटाखाली सळ्या.

"मी असा चालतो काय रे?" तो म्हणाला आणि त्याने सळई धाकट्याच्या हातावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज विंगेत माझ्यापर्यंत आला. दुसरी सळई तोंडावर बसली. धाकटा कोसळला. आणि मित्रांनो, सांगवत नाही, प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या! त्यांना तो नाटकाचाच भाग वाटला. "हाण! आणखी हाण त्या खुन्याला!" मागून कोणी ओरडले. शिट्ट्या वाजल्या. जमादाराने टाचेने धाकट्याचा चेहरा दाबला. टाळ्या चालूच.

पुढच्या रांगेतून धाकट्याची आई उठली. "गप्प बसा!" ती अशी ओरडली की सगळे सभागृह चूप झाले. "हे नाटक नाही! माझं पोर मारतायत!"

सगळ्यांत आधी सुतार धावला, मोगरी घेऊनच. ती जमादाराच्या खांद्यावर पडली. मग सगळे सभागृह रंगमंचावर आले. जमादाराच्या माणसांना लोकांनी खुर्च्यांनी झोडपून काढले. जमादाराला चौघांनी फळ्यांवर पालथा पाडला. कुणीतरी माझी दोरी कापली. दोघांनी मला दोन बाजूंनी धरले आणि माझी गंजून धारदार झालेली कड त्याच्या मानेवर आणली. खोटे कशाला बोलू? मलाही पडायचे होते. माझ्या अंगातून गेलेल्या गोळ्या मी विसरलो नव्हतो आणि चौकशीतली लाजही नाही.

"नका," धाकटा म्हणाला. दात पडले होते, शब्द धड फुटत नव्हते. "त्याला मारलंत तर पुढचं नाटक त्याच्यावर लिहावं लागेल. लोक त्याच्यासाठी रडतील. मला नको आहे ते."

मला धरलेले हात थांबले. थोड्या वेळाने त्यांनी मला बाजूला ठेवले. पोलीस येईपर्यंत जमादार पडद्याच्या दोरीने बांधलेला होता.

आईने धाकट्याचे डोके मांडीवर घेतले होते. पदराने ती रक्त टिपत होती आणि ते थांबत नव्हते.

"आई," तो म्हणाला, "दादा सुटला असता. दारात पोचला होता. मला काढायला परत आला. मी टेबलाखाली होतो."

"माहीत आहे मला."

"कोणी सांगितलं?"

"त्याची मूठ मीच उघडली ना, शेवटचं न्हाऊ घालताना. तुझ्या सदऱ्याची बाही होती तिच्यात, फाटलेली."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तू कधी सांगतोस, याची वाट बघत होते. आणि तू सांगायचं सोडून त्या मेल्याचा पट्टा ओढत बसलास."

मित्रांनो, धाकटा वाचला, पण त्याचा डावा डोळा गेला. जमादाराला शिक्षा झाली. थोरल्याच्या खुनासाठी नाही, धाकट्याला केलेल्या मारहाणीसाठी, कारण या वेळी साक्षीला भरलेले सभागृह होते. हा न्याय पुरा की अपुरा, ते तुम्हीच ठरवा. मी लोखंड आहे, मला तेवढे कळत नाही.

नाटक आजही होते. आता थोरल्याचे काम धाकटा करतो आणि जमादाराचे काम टपाल वाटणारा एक सज्जन माणूस. माझी कड दुमडून बोथट केली आहे. आवाजासाठी यंत्र आणले आहे, म्हणून मी बहुधा कोपऱ्यात उभा असतो आणि ओल धरतो. कधी तेलाचे फडके फिरवलेत तर उपकार होतील, पण माझी खरी विनंती वेगळी आहे. एखादे नाटक पाहून काळजात कालवाकालव झाली, तर हे कोणावर बेतले होते, एवढे जरूर विचारा. आणि रंगमंचावरच्या दुष्टाला हव्या तेवढ्या शिव्या घाला, पण पडदा पडल्यावर त्याला सुखरूप घरी जाऊ द्या. इथे अजूनही प्रयोगानंतर मागच्या गल्लीत दोनचार तापलेली डोकी दबा धरून असतात. म्हणून धाकट्याची म्हातारी आई रोज मागच्या दारात येऊन थांबते. तो टपालवाला जमादाराचे बूट काढून बाहेर आला की ती त्याचा हात धरते, सगळ्यांच्या देखत, आणि त्याला त्याच्या घरापर्यंत पोहोचवून येते.