आखूड नळी

आजोनच्या मडक्याभोवती कोण बसणार, हे आसेकेन्येच्या अंगणात आसेकेन्येच ठरवायची. नाचणीची ती दारू, वरून ओतलेलं गरम पाणी, आणि ज्याची त्याची लांबलचक वेताची नळी. तिची सगळ्यांत लांब. नवऱ्यानं मरण्याआधी करून दिलेली. खुर्चीत रेलून, मान न वाकवता ओढायची.

सून आमोंगिन दोन घोट घेऊन नळी खाली ठेवायची. "मास्तरीणबाईंना आमचं पचत नाही," आसेकेन्ये सगळ्यांदेखत म्हणायची, "कंपालाहून बाटली मागवू का?" पोर नुसती हसायची. पुढे खोकला आला, धाप आली, क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. मडकं सगळ्यांचं, तेव्हा आसेकेन्येनं सुनेची नळी छपरात खोचून ठेवली. गोळ्या संपल्या तरी धाप तशीच. मग एक दिवस फुप्फुसच बसलं, आणि मुलगा ओकिरोर तिला घेऊन कंपालाला धावला.

आज दोघं परतली होती. भाऊबंद जमले होते. आमोंगिन पायरीवर बसली, मडक्यापासून लांब.

"क्षय नाहीच आई," ओकिरोर म्हणाला. "लाखात एखादीला होतं असं. फुप्फुसात मधाच्या पोळ्यासारखी भोकं पडतात. हवा आत अडकते. मूत्रपिंडांवर चरबीच्या गाठीही आहेत. कॅन्सरच्या नाहीत, पण फुटू नयेत म्हणून लक्ष ठेवायचं."

"अगंबाई! हाडांवर मांस नाही, आणि चरबी जाऊन बसली कुठे!"

आमोंगिनला हसू आलं, हसताना धाप लागली. आसेकेन्ये पाहत राहिली.

"आम्हाला लागतं का ते?" आसेकेन्येच्या धाकट्या दिरानं, एमुरोननं विचारलं.

"नाही काका. कुणाचं कुणाला लागत नाही. गोळ्या घेत राहायच्या. आणि..." ओकिरोरनं आईकडे पाहिलं. "आता मूल नको म्हणाल्या डॉक्टरीणबाई. त्यानं दुखणं वाढतं."

सगळ्यांच्या नळ्या थांबल्या. एकच नात होती घरात. नातवासाठी आसेकेन्येनं नावसुद्धा ठरवून ठेवलं होतं, नवऱ्याचं.

"मग वहिनी," एमुरोननं घसा साफ केला, "हिला सन्मानानं माहेरी पोचवू. पोरगा तरुण आहे. दुसरी बघता येईल."

आमोंगिन पायरीवरून उठली नाही. सासूकडेच पाहत होती.

आसेकेन्येनं बराच वेळ आपली नळी बोटांत फिरवली. त्या नावाचं काय करायचं, ते तिला अजून कळत नव्हतं. पण दोन घोटांवर नळी का खाली यायची, ते मात्र आता कळलं होतं.

"ओकिरोर, सुरी आण."

"तिची नळी काढू का छपरातली?"

"ती लांब आहे. एवढ्या लांबून ओढायला छातीत दम लागतो रे, बाबा."

तिनं स्वतःची नळी मडक्यातून काढली. खालच्या टोकाची, कोंडा गाळणारी जाळी तशीच ठेवून वरचा निम्म्याहून जास्त वेत कापून टाकला. मग आपल्या खुर्चीला लागून बुटकं स्टूल ओढलं.

"ये गं. जवळ बसावं लागेल, पण ओढायला सोपं जाईल. घोटभरच घे."

आमोंगिन आली. वाकून ओढलं तिनं, आणि घोट तोंडात आला.

"अहो पण वहिनी, तुम्ही आता कशानं पिणार?" एमुरोन म्हणाला.

"तुझ्या नळीनं," तिनं हात पुढे केला. "दे इकडे. तुला आज बोलायला तोंड मोकळं हवंय ना!"